वाळूची चढण

गाझियाबादच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये धम्मदीप ट्रक ड्रायव्हरांना घाट उतरायला शिकवत होता. ब्रेक फेल झाले की रस्त्याकडेची वाळूची चढण शोधायची. ट्रक वाळूत रुतून थांबतो, माणूस वाचतो.

"सोचना मत। रेत दिखी, तो गाडी सीधी अंदर!"

"सरजी, रेत पे कोई हुआ तो?" मागून एकाने विचारलं.

"वहाँ कौन पागल बैठेगा, भाई?" सगळा वर्ग हसला.

तेवढ्यात बायकोचा, शीलाचा व्हिडिओ कॉल आला. ती छोट्या लेकीला, लुंबिनीला घेऊन मनालीहून परतत होती.

"अरे, बघ ना, काय मस्त पार्किंग मिळालंय! घाटात एवढी मोकळी जागा, आणि कोणीच नाही. लुंबिनी तर वाळूत किल्ला करत बसलीय."

तिच्या मागे वर चढत गेलेली वाळू बघून धम्मदीप ओरडला,

"शीला, लुंबिनीला उचल! गाडी राहू दे, पळ तिथून!"

"काय? आवाज तुटतोय तुझा..."

चित्र अडकलं. दोन्ही मुठींत वाळू घेऊन हसणारी लुंबिनी तशीच स्क्रीनवर राहिली. आवाज मात्र येत होता. उतारावरून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न. एकसारखा, क्षणाक्षणाला जवळ येणारा.



भरल्या वर्गासमोर हात जोडून धम्मदीप पुटपुटत राहिला, "या ड्रायव्हरला कोणी काही शिकवलेलं नसू दे... कोणी काही शिकवलेलं नसू दे."