कोपऱ्यातला सांधा

मिस्त्रींनी ओट्याच्या कोपऱ्यावर अंगठ्याचं नख टेकवलं आणि डावीकडून उजवीकडे सरकवलं. नख कुठेच अडलं नाही. मग उजवीकडून डावीकडे. तरीही नाही.

"म्हणजे हाही क्वार्ट्झच, कारखान्यातला दगड," ते म्हणाले आणि त्यांनी हात पँटला पुसला.

त्यांची मुलगी खिडकीपाशी उभी होती. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून मिस्त्री घरी बसले होते आणि दगडकाम तीच सांभाळत होती. तिने बसवलेला ओटा बघायला ते आज पहिल्यांदा आले होते, तेही तिने हट्ट धरला म्हणून, जिन्यात बसत-उठत. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाच्या कामाला चांगलं म्हटलं नव्हतं, तिच्याही नाही. तिला आज ते ऐकायचं होतं. अगदी लहान मुलीसारखं ऐकायचं होतं, आणि त्याची तिला लाजही वाटत नव्हती.

स्वयंपाकघर नवंकोरं होतं. छताला दिव्यांच्या जागी वायरी लोंबत होत्या, खालची कपाटं अजून बसायची होती. एका भिंतीला सिंकचा सरळ ओटा, समोर गॅसचा, कोपऱ्यात वळलेला. दोन्ही फिकट राखाडी, अंगभर बारीक ठिपके. अंधुक उजेडात तर जुळी भावंडंच वाटत होती.

"दगड कुटून भुगा करायचा, मग डिंक घालून त्याचाच पुन्हा दगड करायचा," मिस्त्री घरमालकिणीला म्हणाले. "उलटा उद्योग आहे की नाही?"

घरमालकीण दातांच्या डॉक्टर होत्या. "मी दिवसभर तसलाच डिंक भरते, मिस्त्री. लोक आ करून भरून घेतात."

"दातांवर कुणी तापलेली कढई ठेवत नाही, बाई."

मुलीला हसू आलं. मिस्त्रींचा मात्र पारा चढला होता.

"सांध्यावरून सगळं कळतं," ते म्हणाले. "खऱ्या दगडाचा सांधा नखाला लागतोच. चांगल्या कारागिराचा थोडा, वाईटाचा जास्त. माझाही लागायचा. हा लागत नाही, कारण ह्याला रंगाला रंग जुळवलेला डिंक आयता मिळतो. त्यात हाताचं काय कौतुक?" मग ते मुलीकडे वळले. "दगड सोडलास म्हण की. आधी सांगायचंस, जिने तरी चढलो नसतो."

हे तिला लागलं. दुसरी कुणी असती तर तिथल्या तिथे उत्तर देऊन मोकळी झाली असती. पण बापाचा हट्ट आणि लेकीचा हट्ट एकाच खाणीतले. तिने पिशवीतून बॅटरी काढून त्यांच्यापुढे धरली.

"बाबा, जरा खालून बघा."

"ह्या वयात मी ओट्याखाली शिरू?"

"शिरा."

कुरकुरत, गुडघ्यांना आणि मुलीला बोल लावत ते शिरले. बॅटरी लागली आणि कुरकुर थांबली. दगडाची पाठ खडबडीत होती, तिच्यावर करवतीचे आडवे ओरखडे होते. कारखान्यातल्या मालाची पाठ अशी नसते, हे त्यांना झोपेतही कळलं असतं. वरून हात फिरवतानाही कळायला हवं होतं. पण माणूस रागात असला की हाताखालचा थंडपणासुद्धा त्याला कळत नाही.

कोपऱ्यात डिंकाची रेघ होती. सांधा होता. मिस्त्रींनी खालून त्या रेघेवर बोट ठेवलं आणि दुसरा हात बाहेर काढून वर, नेमक्या त्याच जागी नेला. मुलीला आता त्यांचा तेवढा हातच दिसत होता. नख पुन्हा फिरलं, हळूच. मग आणखी एकदा.

"दगड आहे," आवाज आला.

"हो."

"कोपरा कुणी जोडला?"

"मी. घासलाही मीच."

वरच्या हाताचा तळवा दगडावर सपाट टेकला.

"मला दोन्हीकडे क्वार्ट्झच हवा होता," डॉक्टर ओट्याखाली वाकून म्हणाल्या. "हीच म्हणाली, गॅसपाशी नको, तापलेलं भांडं टेकलं तर कायमचा डाग पडेल, तिथे दगडच घ्या. आणि सिंकपाशी क्वार्ट्झ ठेवा, दगड तेल-पाणी पितो, त्याला सारखं जपत बसावं लागेल. क्वार्ट्झच्या रंगाचा दगड मिळावा म्हणून किती ठिकाणं पालथी घातली हिने!"

मिस्त्री बाहेर आले तेव्हा नाकाच्या शेंड्यावर धूळ होती आणि चेहरा लाल झाला होता. ऊर भरून आला होता, आणि ते लपवायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

"बाई, ह्या नखातून आजवर एक सांधा सुटला नव्हता. माझ्या वस्तादाचासुद्धा नाही. हा सुटला! पोरीने मला चारी मुंड्या चीत केलं!"

ते इतक्या जोरात म्हणाले, की शेजारच्या खोलीतला रंगारी ब्रश घेऊन दारात आला. मिस्त्रींनी त्याला हाताला धरून कोपऱ्यापाशी नेलं. "शोध सांधा. शोधून दाखव."

रंगाऱ्याने बिचाऱ्याने हात फिरवला, डोळे बारीक करून बघितलं. "कुठे आहे?"

"तेच तर!" मिस्त्री खदखदून हसले, जणू जिंकले तेच होते. मुलीने तोंड खिडकीकडे वळवलं. तिचे डोळे भरले होते.

"सिंकच्या ओट्यालाही एक सांधा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आलाच आहात तर तोही तपासता का?"

"क्वार्ट्झचा?"

"हो."

"केलाय कुणी?"

"हिनेच."

मिस्त्रींनी बॅटरी बंद करून मुलीच्या हातात दिली.

"मग तिथे मी काय तपासणार?"