खुन्याच्या बहिणीचं दुकान

“काकू, तुम्ही पुढे राहा,” मोर्चातली पोरं म्हणाली. कुंदाताईंच्या मुलाचा खून करणाऱ्याला मरेपर्यंत तुरुंगवास झाला होता. आता त्यानं हायकोर्टात अपील केलं होतं आणि अख्खं गाव चिडून रस्त्यावर उतरलं होतं. बातमी ऐकल्यापासून कुंदाताईंना एका जागी बसवत नव्हतं.

बाजारपेठेत खुन्याच्या बहिणीच्या शिलाईच्या दुकानापाशी मोर्चा थबकला. “हिला आधी गावाबाहेर काढा!” कुणीतरी ओरडलं. दगड भिरकावला गेला आणि काच खळकन फुटली. आत ती मशीनमागे अंग चोरून बसली होती.

कुंदाताईंना क्षणभर बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच त्यांना भीती वाटली, आणि त्या दुकानाच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या.

“काकू, बाजूला व्हा!”

“अपील त्यानं केलंय, हिनं नाही. तो सुटू नये म्हणून मी आलेय, यासाठी नाही.”

कुरकुरत गर्दी दुकान सोडून रस्त्यानं पुढे सरकली. मागून दारात येऊन बहीण म्हणाली, “मावशी, घोटभर पाणी घ्या.”

“तुझ्या हातचं पाणी माझ्या घशाखाली उतरायचं नाही, पोरी,” म्हणत कुंदाताई झपाझप मोर्चामागे निघाल्या.