शेपूच्या वासाची बिअर

"शेपू!" ड्वेनने ग्लास नाकापासून लांब धरला. "एल्डन, लेका, पेल एल बिअर करत होतास की काकडीचं लोणचं?"

खोलीत हशा पिकला. घरी बिअर बनवणारी अमेरिकेतल्या याकिमा गावातली ही मंडळी महिन्यातून एकदा बिअरचं सामान विकणाऱ्या दुकानामागच्या खोलीत जमत आणि एकमेकांच्या बाटल्या चाखत. गावाभोवती हॉप्सचेच मळे, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचे. त्यांचा संत्र्यासारखा छान वास सोडून एल्डन कुठले कुठले वाण मागवायचा. मागे खोबऱ्याच्या वासाचे, त्याआधी चक्क कांद्याच्या. आणि घालायचा तेही ओंजळीओंजळीने.

मग अर्धा तास सगळे त्याच्याच भोवती. कुणी म्हणे, हॉप्स उकळत्यात टाकू नकोस. कुणी म्हणे, निम्मेच घाल. एल्डन मान डोलावत ऐकत राही. जन्म स्कूल बस चालवण्यात, पोरांच्या कलकलाटात गेला होता. निवृत्त झाल्यावर घरात आवाज उरला तो फक्त फ्रिजचा. एकटेपणाने त्याला अगदी पोखरलं होतं.

शनिवारी मर्ना त्याच्याकडे आली. मंडळीत तिचं नाक सगळ्यांत तिखट. चूक शोधूनच परत येते, असं ती ड्वेनला सांगून आली होती. तिने मोठं पातेलं हुंगलं, नळ्या उजेडात धरून पाहिल्या. सगळं लख्ख होतं. एल्डनने सकाळीच केक भाजून ठेवला होता, टेबलावर नवं कापड घातलं होतं.

कॉफीत घालायला दूध घ्यावं म्हणून तिने फ्रिज उघडला. मागच्या फळीवर बाटल्या दिसल्या. सवयीने तिने एक उघडली. पहिल्या घोटाला ती थांबली. दुसऱ्या घोटाला खुर्चीत बसली.

"ही कुणी केली?"

"मीच." एल्डनचे कान लाल झाले. "हॉप्स तेच. फक्त चिमूटभर."

"आणि असली बिअर दडवून ठेवतोस? आम्हाला ते लोणचं पाजतोस?"

"आणली होती की. वसंतात." तो केकचे कण बोटाने गोळा करू लागला. "सगळे 'मस्त' म्हणाले आणि पुढची बाटली उघडली. त्या महिन्यात कुणाचा साधा फोन आला नाही."

मर्ना त्या दिवशी तिथेच होती. तिनेही 'मस्त'च म्हटलं असणार. तिला आठवेना, आणि त्याचीच तिला लाज वाटली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ड्वेन होता. "काय गं, सापडली का चूक?"

एल्डनचा चेहरा पडला. आता सगळ्यांना कळणार. मग कोण कशाला येईल त्याच्या घरी?

मर्नाने त्याच्याकडे पाहत ग्लास काठोकाठ भरला.

"नाही रे बाबा," ती म्हणाली. "प्रकरण फार अवघड आहे. माझ्या एकटीचं काम नाही. पुढच्या शनिवारी तुम्ही सगळेच या."