कुंभारणीचं चाक

"वहिनी, चाकाला हात लावू नका! बाईच्या हातानं चाक बाटतं," दीर दारातूनच ओरडला. महिन्यापूर्वी थोरला भाऊ वारला आणि आज त्याचं चाक न्यायला तो टेम्पो घेऊन आला होता.

हौसा हलली नाही. चाक लाकडाचं होतं तेव्हा तिनं हेच ऐकलं, विजेचं आलं तरी हेच. तीस वर्षं माती तिनं तुडवायची आणि मडकं पुरुषानं घडवायचं.

तिनं चाकावर मातीचा गोळा थापला आणि बटण दाबलं. मडकं हाताखाली उभं राहिलं, पण एका अंगाला कललं.

"वाकडं आलं की!" दीर खिदळला.

"तुमचं पहिलं मडकंही वाकडंच होतं, भावजी," म्हणत तिनं ते मोडलं आणि गोळा पुन्हा चाकावर थापला. "तेव्हा माती मीच परत मळून दिली होती. टेम्पो रिकामाच न्या."