गल्लीकडचं दार

"हे दार बुजवायचं ठरवलंस म्हणे," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या.

आर्किटेक्टनं नकाशावरून मान वर केली. कडेवरच्या लेकीनं, ढब्बूनं, तेवढ्यात पेन्सिल तोंडात घातली होती. पेन्सिल काढून घेत आर्किटेक्ट म्हणाली, "ठरलंच आहे, मावशी. समितीनं मान डोलावली."

"समितीचं काय सांगतेस. झुळूक आली तरी शिंकणारी माणसं ती."

इन्स्पेक्टरबाई हे नाव गवंड्यांनी ठेवलेलं. काम सुरू असतानाही ही साठी ओलांडलेली बाई रोज सकाळी चर्चमध्ये यायची, गल्लीकडच्या दाराजवळ शेवटच्या बाकावर बसायची, आणि कामाकडे असं बघायची की जणू शेवटची सही तिचीच लागणार आहे.

चर्च जुनं होतं. एकदा जळालं, एकदा पुरात बुडालं, आणि प्रत्येक पिढीनं आपापल्या अकलेप्रमाणे त्याची डागडुजी केली. आगीत लाकडी छत गेलं तेव्हा दगडी कमानी आल्या. पुरानंतर जमीन उचलली, म्हणून खांब गुडघ्यापर्यंत पुरल्यासारखे दिसत. आता पाळी आर्किटेक्टची होती. पुढून काचेचा दर्शनी भाग, फरशीखालून ऊब, बाकांच्या जागी हलवता येणाऱ्या खुर्च्या. आणि गल्लीकडचं दार कायमचं बंद. तिथून गार वारा येतो, असं तिनं समितीला सांगितलं होतं.

खरं कारण तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दारालगत भिंतीत एक कोनाडा होता. ज्यांना पोर पोसणं झेपत नसे, ती माणसं पिढ्यानपिढ्या तान्ही मुलं तिथे ठेवून जात. बत्तीस वर्षांपूर्वी तिलाही कुणीतरी तिथेच ठेवलं होतं. वाढवणाऱ्या आईनं हे कधी लपवलं नाही, आणि तिनंही कधी खोदून विचारलं नाही. पण हे काम हाती आलं तेव्हा तिनं नकाशावर पहिली काट मारली ती त्या दारावर.

मग या बाई दिसू लागल्या, आणि तिचा हात अडखळायला लागला.

वय जुळत होतं. प्रार्थनेत लक्ष नसायचं, पण गल्लीत पाऊल वाजलं की बाईंची मान वळायची. फादरना तिनं सहज विचारल्यासारखं करून विचारलं होतं. ते म्हणाले, "मी इथे यायच्या आधीपासून येतात त्या. विचारलं तर म्हणतात, कुणीतरी यायचंय." तेव्हापासून आर्किटेक्ट बाईंच्या चेहऱ्यात आपली हनुवटी शोधायची. काही दिवस सापडायची, काही दिवस नाही.

"कोनाडा तरी ठेव," बाई आता म्हणाल्या.

"कशाला? आता कोण मुलं ठेवतंय तिथे?"

"ठेवायला नाही म्हणत मी. गेलेलं माणूस परत आलं, तर त्याला ओळखीचं दार नको का?"

आर्किटेक्ट बोलून गेली, "पोटची पोर दगडावर ठेवून जाणारी बाई कुठल्या तोंडानं परत येईल?"

"तिला नावं ठेवू नकोस." बाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तिच्यावर काय वेळ आली होती, कुणाला ठाऊक? हौसेनं का कुणी लेकरू टाकतं?"

"तुम्हाला ठाऊक आहे?"

ढब्बूचा मोजा टाचेवरून निसटला होता, तो बाईंनी वर ओढला. "पाय झाकत जा हिचे. हा दगड फार गार असतो."

त्या दुपारी ढब्बू झोपल्यावर आर्किटेक्टनं नकाशा उघडला. एका मांडीवर लेक, दुसरीवर फळी. लेकीचा श्वास तिच्या मनगटावर लागत होता. एवढीशी असताना आपल्याला कुणीतरी असंच शेवटचं झाकून ठेवलं असेल का, हा विचार तिनं आजवर मनात येऊच दिला नव्हता. टाकून गेलेल्या आईसाठी मनात साठवलेले सगळे टोमणे तिनं आठवून पाहिले. एकही आता जिभेवर बसेना. तिनं काट खोडली आणि तिथे दार काढलं, आहे तसं, किंचित वाकडं.

दुसऱ्या दिवशी ती बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"दार राहतंय, मावशी. कोनाडाही."

बाईंनी डोळे मिटून घेतले. "देव तुझं भलं करो."

"अजून एक सांगायचंय." तिनं ढब्बूला जरा घट्ट धरलं. "मला याच कोनाड्यात ठेवलं होतं. बत्तीस वर्षं झाली."

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांचा हात वर आला, तिच्या गालावरून फिरला, हनुवटीपाशी येऊन थांबला. त्यांचे डोळे काठोकाठ भरले होते. आर्किटेक्टनं श्वास रोखला. आजवर जी हाक तिनं एकाच बाईला मारली होती, ती तिच्या ओठांपर्यंत आली.

बाईंनी डोळे पुसले, बाकावर थोडं सरकून तिला जागा करून दिली.

"मग बस अशी इथे," त्या म्हणाल्या. "दोघी मिळून वाट बघू. माझीही आई अजून आली नाही."