निसटलेला वायू

पडद्यावर एक मासा खड्डा खणत होता.

घाईत अजिबात नव्हता. तोंड गाळात खुपसायचा, शेपूट झटकायचा, उडालेला गाळ प्रवाह घेऊन जायचा. दोन तासांत घमेल्याएवढा खड्डा झाला. मग दुसरा मासा आला आणि पहिल्याने अर्धवट सोडलेलं काम त्याने पुढे चालू केलं. संशोधकाने चित्रफीत तिसऱ्यांदा लावली. माशांचं मत बदललं नव्हतं.

सात वर्षं तो एकच गोष्ट सांगत आला होता: समुद्रतळाच्या गाळातून वायू उसळून वर येतो, गाळ उधळतो आणि खड्डा पडतो. गाळाच्या एकाही नमुन्यात वायू सापडला नव्हता. त्यावर प्रबंधात आख्खं प्रकरण होतं. ज्या अर्थी वायू सापडत नाही त्या अर्थी तो निसटला, आणि ज्या अर्थी निसटला त्या अर्थी तो होताच. सासरे चारचौघांत म्हणायचे, “जावईबापू, गॅसच हवा होता तर आमच्याकडे राहायला यायचं. सात वर्षं वाचली असती.” पदवी मिळाली की नोकरी कायम होणार होती, म्हणून तो हसून घ्यायचा.

उद्या तोंडी परीक्षा. कॅमेरा समुद्रातून वर आला तो काल.

पेनड्राइव्ह घेऊन तो मार्गदर्शकांच्या खोलीत गेला. वायूचा सिद्धान्त मूळ त्यांचाच. सरांनी चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली.

“सर, प्रबंध मागे घ्यावा लागेल. वायू नाहीये. मासा आहे.”

“छान आलाय,” सर म्हणाले. “आमच्या वेळी इतका स्पष्ट दिसायचा नाही.”

त्यांनी कपाट उघडलं. आत पेनड्राइव्ह, सीड्या, कॅसेटी एकावर एक रचलेल्या. प्रत्येकीवर सरांच्या एकेका विद्यार्थ्याचं नाव. सगळे आता कुठे ना कुठे प्राध्यापक होते आणि वायू शिकवत होते. तळाच्या गंजक्या डब्यावर सरांचं स्वतःचं नाव होतं.

“ठेव यात. आणि जाऊन शर्टाला इस्त्री कर.”

“पण सर, उद्याचे परीक्षक भयंकर कडक आहेत म्हणे. त्यांनी माशाचं विचारलं तर?”

“नाही विचारणार,” सर म्हणाले. “त्यांचा मासा वरून तिसरा.”