मुसकी

खोऱ्यातल्या नाक्यावर धुरपाने नाकेदाराला एकेका मेंढराच्या तोंडावरचं मुसकं ओढून दाखवलं. वरून उपग्रह पानन्‌पान मोजायचा; हिरवा आकडा घसरला की गावाचं पाणी तोडायचे. म्हणून तर माळाचं कुरण नांगरून बांबू लावला होता, आणि मेंढरांना चरायची बंदी. धुरपाच्या पिशवीतला खुराक तेवढा खायचा.

“पूर्वी हीच माणसं शेतात मेंढरं बसवायला बोलवायची,” तिचा नवरा म्हाकू करवादला. “लेंड्या पडल्या की रान कसं तरारून यायचं!”

नाकेदाराने मान खाली घातली. “बंदीला तीन वर्षं झाली, तरी आकडा घसरतोच आहे, मामा. मुसकी आणखी आवळा.”

चौथ्या दिवशी घाट ओलांडून दोघं बंदीनंतर पहिल्यांदाच खोऱ्याबाहेर आली. इथे मोजणी नव्हती. गुडघाभर गवत उभं होतं. धुरपाने भराभर मुसकी सोडली. म्हाताऱ्या मेंढ्या गवतावर तुटून पडल्या. मुसक्यातच वाढलेली तरणी मेंढरं मात्र नुसतीच उभी राहिली.

धुरपाने त्यातल्या एकाच्या तोंडाशी हिरवी काडी धरली. त्याने ती हुंगली, मान फिरवली, आणि मुसकं बांधून घ्यायला तोंड पुढे केलं.